बानाई ॲक्वाचं पाणी नापास

मेघाला नोकरीवर ठेवताना खंडेरावांना तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती : सही.

बिडकीनच्या अलीकडे पैठण रस्त्यावरून आत वळलं की खंडेरावांचा पाण्याचा कारखाना लागायचा. बोअरचं पाणी उपसायचं, गाळायचं, आरओच्या मशीनमधून काढायचं, वीस लिटरच्या जारमध्ये भरायचं आणि टेम्पोत घालून संभाजीनगरात पोचवायचं. शहराच्या नळाला पाणी येण्याचा वार कुणालाच धड सांगता यायचा नाही, त्यामुळे जारला मरण नव्हतं. वडिलांपर्यंत त्यांच्या घरात मेंढरंच होती. पुढं रानं औद्योगिक वसाहतीत गेली, मेंढ्यांच्या वाटांवर कुंपणं आली आणि खंडेराव पाण्यात उतरले. आईचं नाव बानाबाई, म्हणून पाण्याचं नाव ‘बानाई ॲक्वा’. लेबलवर एक निळा डोंगर होता आणि डोंगरावर एक मेंढी. पाण्यावर मेंढी कशाला, असं लेबल छापणाऱ्यानं विचारलं होतं. खंडेराव म्हणाले, “मग काय तुझा फोटो लावू?”

कारखान्याला लॅब पाहिजे आणि लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट पाहिजे, असं परवान्याच्या कागदात लिहिलेलं होतं. लॅब होती. मायक्रोबायोलॉजिस्टही होती, महिन्यातून एकदा यायची, चहा प्यायची, तीस दिवसांच्या सह्या एका बैठकीत ठोकायची आणि जायची. तिचं लग्न होऊन ती नाशिकला गेली, म्हणून तिच्या जागी मेघा आली.

मेघा उस्मानपुऱ्यातली. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आई केसरबाई अंगणवाडीत. घरात एम.एस्सी.पर्यंत गेलेली ती पहिलीच, आणि ती गोष्ट ती स्वतः एक मिनिटही विसरत नसे. पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून तिनं लॅबचं दार उघडलं. बाटल्यांच्या कपाटात टेम्पोचे जुने टायर होते. काचेच्या बंदिस्त टेबलात, जिथं निर्जंतुक काम करायचं तिथं, बिरोबाचा फोटो होता आणि त्यापुढं उदबत्तीची राख. आणि प्लेटी ठेवायच्या गरम कपाटात, बरोब्बर सदतीस डिग्रीला, दह्याची चार गाडगी ओळीनं बसली होती.

“हे काय आहे?” मेघानं विचारलं.

“दही,” मशीनवरचा कडुबा म्हणाला. पन्नाशीचा, वाळका, कधीच घाई न करणारा माणूस होता तो. “बानाआजीचं. इथं लई झ्याक लागतं.”

तेवढ्यात बानाबाई स्वतःच आल्या. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर मोठं कुंकू, हातात काठी. कारखान्यामागं त्यांनी अजून सहा मेंढ्या राखल्या होत्या, त्यांच्याकडून त्या येत होत्या. मेघानं त्यांना नीट समजावून सांगितलं की हे कपाट जंतू वाढवायला असतं.

“मग दह्यात काय दगडं असत्यात का?” बानाबाई म्हणाल्या.

मेघानं पहिलं गाडगं उचलून त्यांच्या हातात दिलं. दही बाहेर गेलं, टायर बाहेर गेले, बिरोबा सन्मानानं खंडेरावांच्या टेबलामागच्या भिंतीवर गेले, आणि लॅब सुरू झाली.

खरोखरच सुरू झाली, हीच पंचाईत होती. मेघा रोज नऊला यायची आणि रोजच्या बॅचचं पाणी तपासायची. पाव लिटर पाणी कागदासारख्या बारीक जाळीतून ओढायचं, ती जाळी प्लेटवर ठेवायची आणि प्लेट दोन दिवस गरम कपाटात. पाण्यात जे काही जिवंत असेल ते जाळीवर अडकतं आणि दोन दिवसांत ठिपका होऊन डोळ्यांना दिसतं. “दोन दिवस?” खंडेराव पहिल्यांदा ओरडले होते. “तवर पानी पिऊन लोक घरी जात्यात, मॅडम!”

“म्हणूनच दोन दिवस थांबायचं, अण्णा. पास झालं की गाडी भरायची.”

“आन नापास झालं तर?”

“तर नाही भरायची.”

खंडेरावांनी कडुबाकडं पाहिलं. कडुबानं छताकडं पाहिलं. पण पाच महिने सगळं पास होत गेलं, आणि खंडेरावांना ते आवडायलाही लागलं. गिऱ्हाइकाला ते लॅबच्या काचेतून मेघा दाखवायचे. “एम.एस्सी. हाय,” म्हणायचे, जणू नवी मशीनच आणली असावी.

मेघाचे नियम वाढत गेले. चप्पल बाहेर काढायची. टोपी घालायची. तंबाखू खाऊन मशीनकडं यायचं नाही. कडुबानं हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि ते ती उभी राहून बघणार. आणि टेबलावरच्या वाकड्या नळीच्या प्लॅस्टिक बाटलीला तर कुणी बोटही लावायचं नाही. त्या बाटलीत तिनं स्वतः कुकरमध्ये निर्जंतुक केलेलं पाणी असायचं. जाळीचं भांडं खंगाळायला ती तेच वापरायची. एकदा कडुबा टेबल पुसता पुसता ती बाटलीही पुसायला गेला तर मेघानं असा आवाज काढला की त्याच्या हातून फडकं पडलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, मेघानं गरम कपाट उघडलं आणि एक प्लेट उचलून उजेडाकडं नेली. मंगळवारच्या बॅचच्या प्लेटवर अकरा ठिपके होते. हिरवट.

“सुडोमोनास,” ती म्हणाली.

“कोण?” खंडेराव म्हणाले.

“सुडोमोनास. जंतू आहे. पाण्यात एकसुद्धा चालत नाही. ही बॅच थांबवा.”

“मॅडम, रविवारी लग्न हाय,” खंडेराव म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. “आमच्या शीलाचं.”

शीला ही त्यांची पुतणी. लग्न पैठण रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं, पाहुणे सातशे, आणि पाणी काकांकडून. ही काही सांगण्याचीही गोष्ट नव्हती. मांडवाच्या चार कोपऱ्यांत ‘बानाई’चे जार मांडायचे, गार पाणी, वर नवा फ्लेक्स, असं सगळं खंडेरावांच्या डोक्यात महिनाभर तयार होतं.

“अजून तीन दिवस आहेत,” मेघा म्हणाली. “टाक्या धुऊ, फिल्टर बदलू. सापडेल.”

मग कारखान्यात जी धुलाई सुरू झाली तशी तो बांधल्यापासून झाली नव्हती. टाक्या घासल्या, पाइप उकळत्या पाण्यानं धुतले, फिल्टर बदलले, जंतू मारायचा दिवा बदलला. कडुबाचे हात इतके धुवून घेतले की तो म्हणाला, “मॅडम, आता हाडं दिसायलीत.” त्यानं जंतूचं नावही सोपं करून टाकलं होतं. सकाळी आला की विचारायचा, “सुदामराव गेले का?”

सुदामराव जात नव्हते. शुक्रवारी बुधवारच्या बॅचवर चौदा ठिपके. शनिवारी गुरुवारच्या बॅचवर, म्हणजे सगळी धुलाई झाल्यानंतरच्या पाण्यावर, वीस. गुरुवारनंतर मशीन बंदच होती.

शनिवारी दुपारी खंडेराव लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. चप्पल बाहेर काढून. “मॅडम, मी सोता पितो. तुमच्या म्होरं. दोन गिलास पितो. काय झालं नाय तर भरू गाडी?”

“तुम्हाला काही होणार नाही, अण्णा. पण मांडवात म्हातारी माणसं असतील, तान्ही मुलं असतील, ऑपरेशन झालेली असतील. त्यांना होऊ शकतं.”

“माझ्या मेंढ्या पित्यात हेच पानी कालपासून,” बाहेरून बानाबाई म्हणाल्या. थांबवलेल्या बॅचचे जार कडुबानं मेंढ्यांच्या टाकीत रिकामे केले होते. “एक बी शिंकली नाय.”

“आजी, मेंढीची गोष्ट वेगळी.”

“व्हय. मेंढी शाळेत गेली नाय ना.”

मेघा हलली नाही. तिच्या मनात भीती होती, पण खोटं कशाला सांगा, थोडी ऐटही होती. कॉलेजात सर सांगायचे तो क्षण हाच, असं तिला वाटत होतं. मालक दबाव आणतो आणि आपण ठाम उभं राहतो. ती ठाम उभी राहिली.  शेवटी खंडेरावांनी खिशातून फोन काढला आणि ज्या माणसाचा नंबर त्यांनी गेली चार वर्षं लावला नव्हता, त्याला लावला.

तात्यासाहेबांचा पाण्याचा कारखाना रस्त्याच्या पलीकडं, दोन किलोमीटर पुढं होता.

रविवारी मेघा लग्नाला गेली. जाणं भागच होतं, बानाबाईंनी स्वतः अक्षता दिल्या होत्या. मांडवाच्या चार कोपऱ्यांत जार होते, आणि प्रत्येक जारवर तात्यासाहेबांचं नाव लाल अक्षरांत, लांबून वाचता येईल असं. खंडेराव फेटा बांधून पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरत होते. जो तो पाहुणा विचारत होता, “का हो अण्णा, तुमचं कुठंय?” आणि खंडेराव म्हणत होते, “मशीन बंद हाय.” कुणीतरी म्हणालं, “घरच्या लग्नात बी नाय पाजलं म्हंजे पाण्यात काहीतरी आसंल बघ.” खंडेरावांच्या फेट्याचा शेमला तेवढा हलला. मेघानं जिलेबी परत ठेवली.

सोमवारी तिनं ठरवलं की आता माणसं तपासायची. पाणी स्वच्छ, टाक्या स्वच्छ, तर जंतू कुणाच्यातरी हातावरून येतोय. तिनं चार प्लेटी मांडल्या. खंडेराव, कडुबा, आणि टेम्पोत जार चढवणारा फकिरा, तिघांनी हात धुवून पाची बोटं एकेका प्लेटवर टेकवायची. चौथी प्लेट बानाबाईंची, कारण त्या मागच्या दारानं कधीही येत.

बानाबाईंनी बोटं टेकवली, लुगड्याला पुसली, आणि म्हणाल्या, “आन तुझा गं?”

“माझा काय?”

“हात. तुला हाय का नाय?”

फकिरा हसला. मेघाही हसली, आणि खात्री असलेल्या माणसाच्या मोकळेपणानं तिनं पाचवी प्लेट काढली. नीट साबण लावला, आणि नळाच्या पाण्यानं कशाला म्हणून आपल्या खास बाटलीतल्या पाण्यानं हात खंगाळले. बोटं टेकवली, नाव लिहिलं, कपाट बंद केलं.

बुधवारी सकाळी बोर्डाचा निकाल असल्यासारखी सगळी मंडळी लॅबच्या दारात जमली. सगळ्यांनी आपणहून चपला बाहेर काढल्या होत्या. मेघानं एकेक प्लेट काढून टेबलावर ठेवली. कडुबाच्या प्लेटवर दोन पांढरे ठिपके, बस. फकिराच्या आठ-दहा. बानाबाईंच्या सात. खंडेरावांची प्लेट म्हणजे रांगोळी होती, पिवळे, पांढरे, एक गुलाबीसुद्धा.

“एवढं?” खंडेराव घाबरले.

“मोबाईल, अण्णा. पण हे साधे आहेत, हिरवं नाही यात.”

मग तिनं पाचवी प्लेट काढली आणि ती टेबलावर ठेवायचीच राहिली.

“हे हिरवंगार कोणाचंय?” खंडेराव पुढं वाकले. पाचही बोटांच्या जागी हिरवं साचलं होतं, आणि प्लेटभर त्याचा रंग उतरला होता. कडुबानं मान तिरकी करून खालचं नाव वाचलं. मग तो सरळ झाला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, नावं आदलाबदल झाली आसतील.”

“नाही झाली,” मेघा म्हणाली. “माझीच आहे.”

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. बानाबाई फक्त “व्हय का!” म्हणाल्या आणि मेंढ्यांकडं गेल्या.

दुपारपर्यंत मेघा आपला हात बघत बसली. मग तिचं लक्ष बाटलीकडं गेलं. सगळ्यांनी नळावर हात धुतले होते, तिनं एकटीनं बाटलीतल्या पाण्यानं. त्या बाटलीत ती रोज सकाळी ताजं निर्जंतुक पाणी घालायची, पण कालच्या उरलेल्यावर. गेले पाच-सहा महिने. बाटली पूर्ण रिकामी करून उकळलीय असं तिला एकदाही आठवेना. खिडकीत, एप्रिलच्या उन्हाच्या उबेत, वाकड्या नळीच्या आतल्या बाजूला सुदामरावांनी आरामात बिऱ्हाड केलं होतं, आणि ती रोज तपासायच्या भांड्यावर त्यांना स्वतःच्या हातानं आणून सोडत होती. कारखान्यातली एकूण एक वस्तू घासली गेली होती. जी घासायला तिनंच बंदी केली होती, तेवढी सोडून.

नुसत्या बाटलीतल्या पाण्याची एक कोरी चाचणी रोज लावायची असते, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. पहिला महिनाभर तिनं लावलीही होती. मग रोज स्वच्छच येतेय म्हणून सोडून दिली.

तिनं नवी बाटली उकळली. जुन्या बाटलीतलं पाणी एका जाळीवर ओतलं. थांबवलेल्या तिन्ही बॅचचे राखून ठेवलेले नमुने पुन्हा लावले. “शुक्रवारी सांगते,” एवढंच खंडेरावांना म्हणाली.

घरी केसरबाईंनी विचारलं, “कोण मेलं?”

मेघानं सगळं सांगितलं. आईनं भाकरी उलटली. “म्हणजे घाण तूच करत होतीस आणि हात त्यांचे धुवून घेत होतीस.”

“आई, इतकं सरळ नको ना सांगूस.”

“मग तू त्यांना कसं सांगणार आहेस?”

ते मेघाला दोन दिवस सुचलं नाही. शुक्रवारी जुन्या बाटलीच्या प्लेटवर ठिपके मोजता येण्याजोगेच नव्हते, गालिचा होता. तिन्ही बॅचचं पाणी निर्मळ. शेवटी तिनं ते कागदावर लिहिलं : तिन्ही बॅचचं पाणी निर्दोष. दोष लॅबच्या बाटलीत. बाटलीची जबाबदारी माझी. खाली नाव, तारीख. आणि कागद खंडेरावांच्या टेबलावर ठेवून समोर उभी राहिली. भिंतीवरून बिरोबा बघत होते.

खंडेरावांनी कागद दोनदा वाचला.

“म्हंजे माझं पानी पास होतं?”

“हो.”

“लग्नाच्या दिशी बी?”

“हो, अण्णा.”

“आन मी फेटा बांधून तात्यासाहेबाचं पानी वाढलं.”

 खंडेराव उठले, बाहेर जाऊन रिकाम्या जारच्या रांगेवर बसले आणि दिवसभर तिथंच बसून राहिले.

पुढचे तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. म्हणजे बोलायचे, पण कडुबामार्फत. ती समोर उभी असताना म्हणायचे, “कडुबा, मॅडमला विचार आजची बॅच कशी हाय.” कडुबा वळून विचारायचा, “मॅडम, आजची बॅच कशी हाय?” ती सांगायची, “पास आहे.” कडुबा परत वळून सांगायचा, “पास हाय म्हनत्यात.” तिसऱ्या दिवशी कडुबा जेवायला गेला होता आणि टेम्पो थांबला होता.  शेवटी खंडेरावांनी भिंतीकडं तोंड केलं आणि बिरोबालाच विचारलं, “गाडी भरायची का?”

“भरा,” मेघा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॅबच्या दारात आले. चप्पल बाहेर, टोपी डोक्यावर. इकडं तिकडं पाहून त्यांनी पिशवीतून एक लिटरची बाटली काढली. वर लेबल नव्हतं.

“हे तपासा.”

“कुठलं आहे?”

“तात्यासाहेबाचं. लग्नातनं भरून आनलं हुतं. फ्रिजात ठिवलंय.”

“अण्णा, दहा दिवस झालेत. नियमानं नमुना चोवीस तासांच्या आत...”

“नियम ऱ्हाऊ द्या वो. सातशे मानसाला पाजलंय मी ते. मला बघायचंय.”

तिनं लावलं. या वेळी शेजारी कोरी चाचणी लावून, दोन्हींवर तारीख घालून. दोन दिवस खंडेराव लॅबच्या आसपास घुटमळत राहिले, कपाटाच्या काचेतून आत डोकावत राहिले. इतके खूश ते शीलाच्या लग्नातही दिसले नव्हते. तिसऱ्या दिवशी मेघानं प्लेट काढून उजेडात धरली.

“काहीच नाही.”

“म्हंजे?”

“स्वच्छ आहे. पास.”

“एक बी ठिपका नाय?”

“एकही नाही.”

“परत बघा. त्या कोपऱ्यात काय दिसतंय ते?”

“ते लाइटचं प्रतिबिंब आहे, अण्णा.”

खंडेरावांनी प्लेट हातात घेतली, फिरवली, तिरकी केली, नाकाजवळ नेली. मग परत दिली. “चांगलंय म्हना की,” ते म्हणाले, अगदी पडेल आवाजात. आणि मग एकाएकी त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोट धरून. मेघा पहिल्यांदा गोंधळली, मग तिलाही आवरेना. कडुबा मशीन बंद करून धावत आला, कुणाला काय झालं म्हणून.

पाण्याच्या धंद्यात बातमी पाण्यासारखीच पसरते. आठवड्याभरात तात्यासाहेबांचा फोन आला. खंडेरावांनी मुद्दाम स्पीकर लावला. मेघा समोर अहवाल घेऊन उभी होती.

“खंडेराव, ऐकलं ते खरं का?” तात्यासाहेबांच्या आवाजात गुदगुल्या होत्या. “तुमच्या मॅडमनी म्हणे तुमचंच पाणी नापास केलं?”

“केलं,” खंडेराव म्हणाले. “तीन बॅच. ऐन लग्नाच्या तोंडावर.”

“अरारा. आन चूक त्यांचीच निघाली म्हणे?”

“निघाली. मग त्यांनी सोताला बी नापास केलं. लिहून दिलंय, तारखेसगट. मी लॅमिनेशन करून ठिवलंय.” मेघानं दचकून टेबलाकडं पाहिलं. काचेखाली खरंच तो कागद होता. “तुमच्याकडं हाय का कोनी आसं, तात्यासाहेब? तुमच्या तोंडावर तुमाला नाय म्हननारं?”

 पलीकडून टेम्पोचा हॉर्न तेवढा ऐकू आला.

“आमच्याकडं नुसत्या सह्या हायेत,” तात्यासाहेब शेवटी म्हणाले. “आठवड्यातून एक दिवस मॅडमला इकडं पाठवता का?”

“छ्या!” खंडेराव म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी मेघाकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

“जायचं आसंल तर जा. बुधवारी इथं काम कमी आसतं. पन मॅडम, त्याचं पानी चांगलं निघालं, हे त्याला सांगू नका.”